धक्का स्टार्ट

किल्ली फिरली. गाडी "खर्र... खर्र... खुक्" म्हणाली आणि गप्प झाली.

धम्मदीप ओव्हाळांनी किल्ली काढली, स्वेटरच्या खिशातून रजिस्टर काढलं आणि लिहिलं : 'गुरुवार, सकाळी सहा दहा. प्रयत्न पहिला, अयशस्वी.' रजिस्टर मिटलं. किल्ली घातली, फिरवली. खर्र, खर्र, खुक्. किल्ली काढली, रजिस्टर उघडलं. शेजारच्या सीटवर चटणीचा डबा मांडीवर घेऊन प्रेमलाबाई बसल्या होत्या. मागे हौद्यात उपम्याची दोन पातेली, पोह्यांचं एक आणि चहाचा भलामोठा थर्मास होता. हा सगळा नाश्ता साडेसातच्या आत लोणी काळभोरला मुलींच्या एका वसतिगृहात पोचायचा होता, आणि गाडी अजून खडकीतल्या मैत्रेय सोसायटीच्या मैदानातच उभी होती.

"अहो, लिहिणं नंतर करा. आधी त्यांना हाक मारा."

"पाच प्रयत्न झाल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही, प्रेमला."

"निष्कर्ष गेला दीड महिना एकच आहे. मारा हाक."

खरं म्हणजे हाक मारायची गरजच नव्हती. त्याच मैदानात सोसायटीचा हास्यक्लब भरतो. सभासद अकरा, सरासरी वय एकोणसत्तर. तिसऱ्या 'खुक्'ला ते आपलं हसणं अर्ध्यावर सोडून, बाह्या सरसावत गाडीमागे येऊन उभे राहायचे. क्लबचे प्रमुख संभाजीराव काळोखे बसडेपोतून निवृत्त झालेले. बंद पडलेल्या बस ढकलण्यातच त्यांची अर्धी नोकरी गेलेली, त्यामुळे त्यांना त्यात विशेष रस. इंदुबाई नावापुरता एक हात गाडीला लावत. त्यांचं खरं काम आकडे मोजणं.

"चला, ओव्हाळांची पालखी उचला!" संभाजीराव म्हणत. आणि ओव्हाळ स्टिअरिंगला घट्ट धरून, मान ताठ, नजर समोर ठेवून बसत. मागे अकरा म्हातारे धापा टाकतायत आणि आपण राजासारखे बसलोय, या कल्पनेने त्यांचे कान लाल होत. माणसाला इतकी लाज वाटू नये. पण त्यांना वाटायची, आणि त्याला कारण होतं.

ओव्हाळांनी संरक्षण खात्याच्या एका भांडारात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. काय तपासायचे? ताडपत्री आणि दोरखंड. इंजिनाशी त्यांचा संबंध एवढाच की ते तपासायचे ती ताडपत्री पुढे ट्रकवर पडायची. पण तपासनीस तो तपासनीस. त्यांच्या हातून नापास झालेल्या मालाचे ढीग रचले असते तर पर्वतीशेजारी दुसरी टेकडी उभी राहिली असती. आणि त्यांचा एक नियम होता : पुरवठादाराचं तोंडी काही ऐकायचं नाही. तो सांगणार, आपण भुलणार. याला त्यांनी आधारही मोठा शोधून ठेवला होता. "भगवान बुद्धांनी कालाम लोकांना काय सांगितलं? कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा!" सोसायटीच्या लिफ्टला कुणी लिंबू-मिरची बांधली तेव्हा ओव्हाळांनी लिफ्टसमोर उभं राहून यावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं होतं. तेवढा वेळ लिफ्ट अडकून राहिली, ही गोष्ट वेगळी.

निवृत्तीनंतर प्रेमलाबाईंनी नाश्त्याचं काम धरलं. पस्तीस वर्षं नवऱ्याच्या डब्यावरचे शेरे ऐकल्यावर त्यांना कुणीतरी मुकाट्याने खाणारं गिऱ्हाईक हवं होतं. काम वाढलं, तशी गाडी लागली. दिवाळीत ओव्हाळांनी लोणी काळभोरच्या खालिद शेख यांच्याकडून चौदा वर्षं वापरलेली डिझेल पिकअप घेतली. ओव्हाळ टायर दाबत, दरवाजे आपटत, खाली लोळून पाहत होते तेव्हा खालिदभाई दोनदा म्हणाले, "साहेब, या गाडीची येक गोष्ट सांगतो..." दोन्ही वेळा ओव्हाळांनी बोट वर केलं. "सांगू नका. सांगितलेलं मी ऐकत नाही. मी तपासतो." खालिदभाई हसले आणि चहा सांगायला आत गेले.

नोव्हेंबर सुखात गेला. डिसेंबरात थंडी पडली आणि गाडीने सकाळी उठायचं सोडलं.

बरं, रोग तरी कसा? सकाळी आडमुठी आणि दहा वाजता शहाणी. गॅरेजवाला अवधूत बघायला यायचा तो अकरा वाजता, गाडी लोणीहून परत आल्यावर. तेव्हा ती हात लावताच चालू. "काका, रात्रभर माझ्याकडे ठेवा. थंड असताना बघितल्याशिवाय कळायचं नाही," अवधूत म्हणाला. पण माल नजरेआड जाऊ द्यायचा नाही, हाही ओव्हाळांचा नियम. मग त्यांनी स्वतःच निदान सुरू केलं. नवी बॅटरी बसवली. स्टार्टर काढून साफ करून घेतला. डिझेलचा फिल्टर बदलला. बॉनेटवर प्रेमलाबाईंची गोधडी घातली, आणि प्रेमलाबाई आठ दिवस नुसत्या चादरीत कुडकुडल्या. इंजिनाचे चारही हीटर प्लग काढून, बॅटरीला वायर लावून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासले. चारही लालबुंद. रजिस्टरात नोंद झाली : 'हीटर प्लग चार, लाल होण्यास लागलेला वेळ नऊ सेकंद. पास.' खाली सही. त्यानंतर हीटर प्लगचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

त्या गुरुवारी त्यांनी एक शास्त्रीय सुधारणा केली होती. बॅटरीवर जरासाही भार नको, म्हणून धक्का चालू असताना किल्ली बंद ठेवायची आणि गाडीने वेग घेतला की अगदी शेवटच्या क्षणी फिरवायची.

"एक... दोन... तीन..." इंदुबाई मोजू लागल्या. एरवी त्यांची मजल पंधराच्या पुढे जात नसे. त्या दिवशी चाळीस झाले, गाडीने मैदानाला एक फेरी घातली, दोन घातल्या, संभाजीरावांचा डावा बूट मातीत राहिला, पण इंजिन काही बोलेना.

"ओव्हाळ," संभाजीराव मोज्यावर उभे राहून धापा टाकत म्हणाले, "आम्ही हसायला येतो हो इथे. मरायला नाही."

"वसतिगृहात फोन करा," प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. "उशीर होतोय म्हणून सांगा. या महिन्यातला तिसरा आहे."

ओव्हाळांचं डोकं फिरलं. लाज फार झाली की माणूस ती दुसऱ्याच्या अंगावर टाकायला बघतो, ओव्हाळही माणूसच. त्यांनी फोन काढला, खालिदभाईंना लावला, आणि अकरा जणांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"खालिदभाई, मी ओव्हाळ बोलतोय खडकीहून. तुम्ही मला फसवलंत!"

"काय झालं, साहेब?"

"खराब गाडी गळ्यात मारलीत माझ्या! इथे अकरा म्हातारी माणसं रोज ढकलतायत. तुमच्या वयाला, तुमच्या दाढीला शोभलं नाही हे!"

इंदुबाईंनी पदर सावरला. मग खालिदभाईंचा आवाज आला, "उद्या सकाळी येतो, साहेब," आणि फोन बंद झाला.

ऊन वर आल्यावर गाडी एकदाची चालू झाली. चालू होताना तिने क्लबवर काळ्या धुराचा असा लोट सोडला की दीर्घश्वसन करणारे चौघे खोकत घरी गेले. नाश्ता लोणीला पोचला पावणेनऊला. वसतिगृहाच्या मॅडम दारातच उभ्या होत्या. "प्रेमलाताई, मुली उपाशी परीक्षेला गेल्या. सोमवारपासून एक दिवस जरी उशीर झाला तरी मी दुसरीकडे सांगणार आहे. वाईट वाटून घेऊ नका." प्रेमलाबाईंनी वाईट वाटून घेतलं. त्या लोणीपासून खडकीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांत त्या एवढ्या गप्प कधी बसल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी सहाला मोटारसायकलवर कानटोपी, मफलर आणि वर रेनकोट अशा थाटात खालिदभाई हजर झाले. अंधारात पंचवीस किलोमीटर थंडी खात आले होते. ओव्हाळांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"आधी मी चालू करून दाखवतो. म्हणजे ही चालू होत नाही ते दाखवतो," ते म्हणाले, आणि पाच प्रयत्न करून, पाचही नोंदी करून खाली उतरले. "बसा आता."

खालिदभाई बसले. त्यांनी किल्ली एक खाच फिरवली. हातमोजे काढले. दोन्ही तळवे समोर धरून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग किल्ली पुढे ढकलली.

गाडी चालू झाली. खोकली नाही, कुरकुरली नाही, जणू दिवसभर उन्हात उभी होती.

क्लबने टाळ्या वाजवल्या. ओव्हाळांनी रजिस्टर उघडलं आणि तसंच मिटलं. "योगायोग," ते म्हणाले. "एका चाचणीवरून काही सिद्ध होत नाही."

"उद्या बी येतो की," खालिदभाई म्हणाले. आणि खरंच शनिवारी परत आले. परत ओव्हाळांचे पाच प्रयत्न, पाच खुक्. परत खालिदभाईंची किल्ली, तळवे, पुटपुटणं. परत गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"ओव्हाळ, सांगू का?" संभाजीराव म्हणाले. "त्यांच्या दुआत ताकद आहे. तुमच्यात नुसती शाई आहे."

"असं काही नसतं, काळोखे!"

"नसतं ना? मग चालू करा की."

रविवारी वसतिगृहाला सुट्टी. ओव्हाळ सकाळपासून खुर्चीत बसून छताकडे पाहत होते. ज्या माणसाने लिंबू-मिरचीवर व्याख्यान दिलं, त्या माणसापुढे दोन चाचण्यांचा निकाल उभा होता, आणि निकाल सरळ सांगत होता की गाडी दुआ ऐकून चालू होते. उद्या सोमवार. उद्या उशीर झाला तर प्रेमलाचं काम गेलं. प्रेमलाबाई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होत्या, त्यांनाही ते ठाऊक होतं. झारा जरा जास्तच जोरात आपटत होता.

शेवटी दुपारी ओव्हाळ गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि फोन लावला. आवाज इतका खाली आणला की खालिदभाईंना दोनदा "आं?" म्हणावं लागलं.

"म्हटलं, तुम्ही ते गाडीत बसल्यावर नेमकं काय म्हणता?"

"सफरीची दुआ हाय, साहेब. आईनं शिकवली व्हती."

"ती... म्हणजे समजा... मी म्हटली तर चालेल का?"

"चालंल की. पर तुमी तुमचं म्हणा ना, साहेब. तुमचं बी चांगलंच हाय. फकस्त घाई करू नगा. किल्ली येक खाच फिरवायची, हात जोडायचे, सावकाश म्हणायचं, मग चालू."

सोमवारी पहाटे ओव्हाळांनी गाडीच्या काचा वर केल्या. क्लबने बाह्या सरसावल्या होत्याच. "काय चाललंय आत?" इंदुबाई वाकून बघू लागल्या. ओव्हाळांनी किल्ली एक खाच फिरवली, हात जोडले, डोळे मिटले आणि सावकाश बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मग किल्ली पुढे ढकलली.

गाडी चालू झाली.

मैदानात अकरा जण हात पुढे करून तसेच उभे राहिले. ओव्हाळांना आनंद झाला तो सोसायटीच्या फाटकापर्यंत टिकला. फाटकाबाहेर पडताच त्यांना घाम फुटला. "प्रेमला," ते म्हणाले, "हे फार वाईट झालं."

"वाईट? वेळेत पोचतोय आपण!"

"अगं, भगवंतांनी आयुष्यभर सांगितलं की माझ्या नावाने चमत्कार करू नका. आणि मी त्यांच्याकडून डिझेल इंजिन चालू करून घेतलं!"

प्रेमलाबाईंनी चटणीचा डबा खाली ठेवला. "मग तपासा की. तेच तर येतं ना तुम्हाला?"

हे मात्र ओव्हाळांना लागलं. मंगळवारी त्यांनी चाचणीतला एकच घटक बदलला. किल्ली एक खाच फिरवली, हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरणाऐवजी सतराचा पाढा म्हटला. सतरा दाहे एकशे सत्तर झालं आणि किल्ली ढकलली. गाडी चालू झाली. ओव्हाळांनी ती बंद केली नाही. तसंच घड्याळाकडे पाहत तिथल्या तिथे अवधूतला फोन लावला. बिचारा झोपेत होता.

"अवधूत, पाढ्यावर पण चालू झाली!"

"कशावर?"

ओव्हाळांनी सगळं सांगितलं. अवधूतने जांभई दिली. "काका, अहो, डिझेल गाडी ना ती. थंडीत किल्ली एक खाच फिरवून आठ-दहा सेकंद थांबायचं असतं. तेवढ्यात हीटर प्लग तापतात. तापले की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो, मग स्टार्ट मारायचा. तुमचा तो दिवा लागत नाही?"

"माझ्या डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही," ओव्हाळ म्हणाले. ते नेहमी हे अभिमानाने सांगत. दिवा नाही म्हणजे दोष नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"मग बल्ब गेलाय. पण दिवा नसला तरी मनात दहा मोजायचे. तुम्ही मोजत नव्हता?"

"नाही. मी दर वेळी किल्ली काढून नोंद करत होतो."

"हां. म्हणजे तापायला लागले की तुम्ही बंद करायचात."

"मग रोज धक्क्याने कशी चालू व्हायची?"

"धक्का मारताना किल्ली चालू असायची ना? तेवढ्या वेळात हीटर तापायचे की."

"म्हणजे... ते अकरा जण ढकलण्याऐवजी गाडीमागे नुसते उभे राहिले असते तरी..."

"तरी चालू झाली असती," अवधूत म्हणाला. "झोपू का आता?"

ओव्हाळांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीनिशी लिहिलेलं होतं : लाल होण्यास लागलेला वेळ नऊ सेकंद. पास. त्यांनी ते पान प्रेमलाबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं. हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"त्या माणसाने दोनदा तोंड उघडलं होतं," त्या म्हणाल्या. "मी समोर होते. कालामांच्या सूत्रात 'मानू नका' म्हटलंय हो. 'ऐकू नका' कुठे म्हटलंय?"

ओव्हाळांनी रजिस्टर मिटलं. नाश्ता वेळेत उतरवून त्यांनी गाडी सरळ खालिदभाईंच्या दारात नेली. खालिदभाई अंगणात कांद्याची रोपं निवडत बसले होते. त्यांच्या पत्नी परवीनबी ओव्हाळांना बघताच आत निघून गेल्या. आपलं फोनवरचं ओरडणं या बाजूलाही घरभर ऐकू गेलं असणार, हे ओव्हाळांच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्यांना जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

"खालिदभाई, गाडी चांगली आहे. मी दहा सेकंद थांबत नव्हतो. हीटर तापू देत नव्हतो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तुम्हालाही कदाचित माहीत नसेल, पण तुमची दुआ जेवढा वेळ चालते..."

"म्हाईत हाय की," खालिदभाई म्हणाले.

"काय?"

"साहेब, चौदा वर्सं चालवली गाडी. हीटरचं म्हाईत नसंल व्हय? तेच तर सांगत व्हतो तुमाला. दिवा गेलाय, दहा मोजा म्हणून."

ओव्हाळ मटकन बाजेवर बसले. "मग शुक्रवारी आलात, शनिवारी आलात, तेव्हा का नाही बोललात?"

खालिदभाईंनी हातातली जुडी बाजूला ठेवली. "येवढी मानसं जमलेली. तुमच्या सोसायटीची. त्यांच्याम्होरं म्या काय सांगू, की साहेबांना गाडी चालू करता येत न्हाई? तुमाला रोज त्यांच्यात ऱ्हायचंय. म्हटलं, दोन दिस आपण म्होरं बसून दाखवू, साहेब हुशार हायेत, त्यांच्या ध्यानात येईल. न्हाईच आलं. मग तुमचा फोन आला, तवा म्हटलं, तुमचं म्हणा पर सावकाश म्हणा. तेवढा वेळ मिळाल्याशी मतलब."

ज्या माणसाला आपण अकरा जणांसमोर फसवणारा म्हटलं, तो माणूस दोन दिवस थंडीत पन्नास पन्नास किलोमीटर हिंडला, कशासाठी? तर त्याच अकरा जणांसमोर आपली फजिती होऊ नये म्हणून. ओव्हाळांना रडू आलं. ते त्यांनी चष्मा पुसून निभावलं. परवीनबींनी चहा आणून ठेवला, तोही मुकाट्याने, आणि त्यांच्या चहात साखर बरोबर होती, याचंही ओव्हाळांना वाईट वाटलं.

"उद्या मी क्लबसमोर सगळं सांगतो," ते म्हणाले.

"नका, साहेब. झालं गेलं."

"नाही. चारचौघांत बोललो, चारचौघांतच परत घेईन."

बुधवारी सहा वाजता ओव्हाळ हास्यक्लबच्या गोलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. रात्रभर त्यांनी वाक्यं पाठ केली होती.

"मित्रहो, गेल्या गुरुवारी मी इथे खालिदभाईंना फसवणारा म्हणालो. ते खोटं होतं. गाडीत काही दोष नव्हता. तुम्ही दीड महिना जी ढकललीत, ती न ढकलताही चालू झाली असती." अकरा चेहऱ्यांवर काहीच उमटलं नाही. ओव्हाळांनी फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन वर धरला. "खालिदभाई, सगळे ऐकतायत. मी तुमची माफी मागतो. चूक सर्वस्वी माझी आहे."

पलीकडे खालिदभाई खाकरले.

"काय बोलताय, साहेब! चूक कशी तुमची? डॅशबोर्डचा बल्ब माझ्याकडं असतानाच गेलेला. म्या बदलून द्यायला पायजे व्हता. गाडीतच खोट व्हती म्हणा ना. माफी म्या मागतो, तुमची बी आन् त्या सगळ्या वडीलधाऱ्या मानसांची बी. लई तरास झाला त्यांना माझ्यामुळं." आणि फोन बंद झाला.

"बघा!" संभाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "शेवटी कबूल केलं की नाही? ओव्हाळ, तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होतात!"

"अहो नाही! ते मला सांभाळून घ्यायला..."

"आम्हीच मेलं दुआ दुआ करत बसलो," इंदुबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं तपासणीत काढलेली नजर आहे ती. उगाच नाही."

"इंदुताई, ऐका तरी! दहा सेकंद! मी फक्त दहा सेकंद थांबायचं होतं!"

"मोठेपणा बघा यांचा," संभाजीराव बाकीच्यांना म्हणाले, "वर स्वतःच माफी मागतायत. टाळ्या!" टाळ्या झाल्या. कुणीतरी ओव्हाळांची पाठ थोपटली. मग संभाजीरावांनी हात आकाशाकडे उचलले, अकरा जणांनी उचलले, आणि "हा हा हा" सुरू झालं. त्या गडगडाटात ओव्हाळ प्रत्येकासमोर जाऊन हातवारे करून सांगत होते, आणि प्रत्येक जण त्यांच्या तोंडाकडे बघून नियमाप्रमाणे आणखी मोठ्याने हसत होता.

शेवटी ते गाडीत येऊन बसले. प्रेमलाबाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. घसा फोडून सांगितलं. कुणी ऐकूनच घेत नाही गं."

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "वाईट वाटतं ना?" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वसतिगृहाचं काम टिकलं, वाढलं. मैत्रेय सोसायटीत ओव्हाळांचं वजनही वाढलं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्यांना सोबत नेतात आणि 'त्या लोणीवाल्या'ची गोष्ट एकमेकांना सांगतात. ओव्हाळ दर वेळी ती सुधारायला जातात आणि दर वेळी लोक त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करतात. अवधूतने बल्ब बदलून दिलाय. थंडी पुन्हा पडली आहे. सकाळी सहा दहाला ओव्हाळ किल्ली एक खाच फिरवतात, पिवळा दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहतात. तेवढे दहा सेकंद त्यांना लाज वाटते. मग गाडी चालू होते.